मुलाला बुरशीचा गंभीर संसर्ग : बिल कशानं वाढतं, कुठे वाचतं

बुरशीवरची एक गोळी दहा-पंधरा रुपयांना मिळते आणि एक इंजेक्शन चार-सहा हजारांना. कधीकधी ही दोन्ही एकाच आजारावर चालतात. आपल्या मुलाला यातलं कोणतं लागणार, आणि का, हे पालकांना बहुतेक वेळा मेडिकलच्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर कळतं. औषध ठरवणं डॉक्टरांचंच काम आहे. पण ते कशावरून ठरतं, रोज किती लागतं आणि कोणता प्रश्न विचारला की खर्च खरोखर कमी होतो, हे आईवडिलांनाही ठाऊक असायला हवं. या लेखातले दर शहरांतल्या खासगी रुग्णालयांचे आणि लॅबचे ढोबळ अंदाज आहेत. कंपनी, गाव आणि रुग्णालय बदललं की आकडा बदलेल. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

सगळी बुरशी गंभीर नसते

तान्ह्याच्या जिभेवरचा पांढरा थर, लंगोटाच्या जागी उठलेलं लाल चट्ट्यांचं पुरळ, अंगावरचा नायटा, डोक्यातले केस गळून पडलेला चट्टा हे सगळे बुरशीचेच प्रकार आहेत, पण ते बाह्यरुग्ण विभागात आटोपतात. तपासणी फी धरून काही शे रुपयांचं काम. डोक्यातल्या नायट्याला मात्र नुसतं मलम पुरत नाही, काही आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. आणि मेडिकलवाल्यानं आपल्या मनानं दिलेली, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब मुलाला लावू नका. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि तीनशेचा उपचार तीन हजारांवर जातो.

गंभीर संसर्ग म्हणजे बुरशी रक्तात, फुप्फुसात, मेंदूत किंवा सायनसच्या हाडात उतरणं. धडधाकट मुलाला हे सहसा होत नाही. धोका असतो तो दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक आणि मोठ्या शिरेतली नळी चालू असलेल्या बाळांना. ब्लड कॅन्सरच्या केमोमुळे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलांना. दीर्घकाळ आयसीयूत असलेल्यांना, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना आणि साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेही मुलांना. काचेतलं बाळ एकाएकी सुस्त झालं, दूध पचेना, मधूनच श्वास थांबू लागला, प्लेटलेट घसरल्या, तर डॉक्टर रक्तातल्या कँडिडा या बुरशीचा विचार करतात. केमोच्या मुलाचा ताप चांगलं अँटिबायोटिक चार दिवस देऊनही उतरला नाही, तर बुरशीचा शोध सुरू होतो. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, डोळ्याची पापणी उतरणं ही म्युकर या बुरशीची लक्षणं. तिथे तास मोजायचे असतात. पैशांचा विचार रुग्णालयात पोचल्यावर करा.

पहिला पैसा तपासणीवर

घासाघीस कुठे करू नये, ते आधी सांगतो : कल्चरमध्ये. रक्ताचं कल्चर हजार ते अडीच हजारांत होतं. त्यातून बुरशीचं नाव कळतं आणि तिच्यावर कोणतं औषध चालतं तेही कळतं. कँडिडा उगवायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, औषधांच्या तपासणीला आणखी एक-दोन. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे बुरशी नाहीच, असं नाही. खोलवरच्या कँडिडा संसर्गात जवळपास निम्म्या वेळा रक्तात काही उगवत नाही. म्हणून डॉक्टर जोडीला इतर तपासण्या सांगतात. अस्परजिलस या बुरशीचा संशय असेल तर गॅलॅक्टोमॅनन, त्याचे अडीच ते पाच हजार. छातीचा सीटी स्कॅन तीन ते सहा हजार. बीटा-डी-ग्लुकान ही तपासणी पाच हजारांच्या पुढे जाते, आणि अँटिबायोटिक, रक्तघटक किंवा ड्रेसिंगच्या गॉजमुळेही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ती लिहून दिली तर तिच्या निकालानं उपचारात नेमकं काय बदलणार, हे जरूर विचारा. काहीच बदलणार नसेल, तर ते पाच हजार कल्चर पुन्हा करण्यावर खर्च झालेले बरे.

नवजात बाळाच्या रक्तात कँडिडा सापडला, तर पाठीतलं पाणी तपासणं आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. शक्यतो हृदयाचा इको आणि पोटाची सोनोग्राफीही करतात. हे सगळं मिळून पाच ते दहा हजारांत बसतं. बिल फुगवायला लावलेल्या तपासण्या म्हणून यांच्याकडे पाहू नका. मेंदूत बुरशी असेल तर औषधही बदलतं आणि दिवसही.

नाव कळण्याचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. आपल्याकडच्या आयसीयूंत कँडिडा ट्रॉपिकालिस खूप आढळतो आणि त्यावर साधं फ्लुकोनॅझोल बऱ्याचदा चालतं. कँडिडा ऑरिस मात्र फ्लुकोनॅझोलला सहसा दाद देत नाही. २००९ साली जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली ही बुरशी जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर दुसऱ्याच नावानं नोंदली जाऊ शकते. रिपोर्टवर नुसतं ‘कँडिडा स्पीशीज’ किंवा ‘नॉन-अल्बिकान्स’ लिहिलेलं असेल, तर पूर्ण नाव मागा. लॅबकडे सोय नसेल, तर नमुना माल्डी-टॉफ यंत्र असलेल्या मोठ्या लॅबला पाठवता येतो.

चार औषधं, चार भाव

फ्लुकोनॅझोल सगळ्यांत स्वस्त. शिरेतून द्यायची बाटली शे-दोनशे रुपयांची, गोळी दहा-पंधरा रुपयांची. आणि ते पोटातून घेतलं तरी जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतं. मूल दूध-जेवण पचवत असेल, तर सलाईनमधून देण्याचा वेगळा फायदा फारसा उरत नाही.

साधं, म्हणजे ‘कन्व्हेन्शनल’, ॲम्फोटेरिसिन-बी हे जुनं आणि जबरदस्त औषध. ५० मिलिग्रॅमची व्हायल काही शे रुपयांत येते. त्यानं थंडी वाजून ताप येतो, पोटॅशियम घसरतं आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, म्हणून ते देताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासावं लागतं. नवजात बाळं मात्र ते बरंच सोसतात. रक्तातल्या कँडिडासाठी नवजातांना किलोमागे रोज १ मिलिग्रॅम या मात्रेत हेच औषध प्रमाण मानलं जातं. त्यामुळे काचेतल्या बाळाला ‘जुनं स्वस्त औषध’ दिलं म्हणून नाराज होऊ नका.

लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे त्याचंच चरबीच्या सूक्ष्म आवरणातलं रूप. मूत्रपिंडाला त्रास खूप कमी. म्युकरमध्ये हेच पहिलं, आणि मोठ्या मुलांत साध्या ॲम्फोटेरिसिनऐवजी हेच. एका व्हायलवर छापलेली किंमत चार ते आठ हजारांच्या दरम्यान असते. कॅस्पोफंजिन आणि मायकाफंजिन हा चौथा गट. तीही हजारांतली औषधं, पण मूत्रपिंडाला सौम्य आणि आयसीयूतल्या कँडिडावर प्रभावी. मेंदू, डोळा आणि लघवीत ती नीट पोचत नाहीत.

अस्परजिलसवरचं व्होरिकोनॅझोल या चौघांबाहेरचं. त्याची खोच वेगळी आहे. मुलांचं शरीर ते झपाट्यानं निकामी करतं, म्हणून किलोमागे मात्रा मोठ्यांपेक्षा जास्त लागते आणि तरीही रक्तात किती पोचलं याचा भरवसा नसतो. औषधाची रक्तातली पातळी मोजायची तपासणी दोन-चार हजारांची आहे. ती टाळून महिनाभर हजारोंच्या गोळ्या चालू ठेवणं म्हणजे आंधळेपणानं खर्च करणं. गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर द्यायची आणि मुलाला उन्हापासून जपायचं. म्युकरवर हे औषध चालत नाही.

वजन गुणिले दिवस

हिशेब करून पाहू. बारा किलोचं मूल, रक्तात कँडिडा. लायपोसोमल किलोमागे ३ मिलिग्रॅम धरलं तर रोज ३६ मिलिग्रॅम, म्हणजे एक व्हायल. उपचाराचे १४ दिवस मोजायचे ते पहिल्या इंजेक्शनपासून नव्हे, रक्त साफ झाल्याचं कल्चर आलं त्या दिवसापासून. रक्त साफ व्हायला चार दिवस गेले तर एकूण १८ व्हायल. व्हायलला ४ हजार धरले तर ७२ हजार रुपये. आता पाचव्या दिवशी रिपोर्ट आला की बुरशी फ्लुकोनॅझोलला दाद देणारी आहे, पुन्हा केलेलं कल्चर साफ आहे, मूल सावरलंय आणि पोटात औषध घेतंय. डॉक्टरांनी पुढचे दिवस फ्लुकोनॅझोलवर नेले, तर पहिल्या पाच व्हायलचे २० हजार आणि उरलेल्या औषधाचे काही शे रुपये. एका औषधावर पन्नास हजारांचा फरक, तो दीड-दोन हजारांच्या कल्चरमुळे. मूल घरी जाऊ शकलं तर खाटेचे पैसेही वाचतात आणि खाटेचा आकडा औषधापेक्षा मोठा असतो. मुलांच्या आयसीयूचे खासगीत दिवसाला सात-आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत होतात, व्हेंटिलेटर असेल तर आणखी.

म्हणून राउंडच्या वेळी तीन प्रश्न विचारा. बुरशीचं नाव आलं का? पुन्हा केलेलं कल्चर साफ आलं का आणि कोणत्या तारखेला? तोंडावाटे औषधावर कधी जाता येईल? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कारण विचारा. मेंदू, डोळा किंवा हृदयात संसर्ग असणं, कँडिडा ऑरिस असणं, मुलाची आतडी काम न करणं, ही सगळी रास्त कारणं आहेत. ‘महागाचं चालू आहे तेच बरं’ हे कारण नव्हे.

व्हायलच्या मापाचाही एक हिशेब आहे. दहा किलोच्या मुलाला किलोमागे ५ मिलिग्रॅम दिलं तर बरोबर एक व्हायल लागते. अकरा किलोच्या मुलाला ५५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन व्हायल, त्यातले ४५ मिलिग्रॅम वाया. पाच मिलिग्रॅमसाठी रोज एक नवी व्हायल फुटते. मात्रा थोडी मागेपुढे करून पूर्ण व्हायलवर आणणं अनेक रुग्णालयांत मान्य पद्धत आहे, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. औषध कमी करा, असा आग्रह धरू नका. विचारायचं ते एवढंच, की उरलेलं औषध निर्जंतुक पद्धतीनं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या मात्रेला किंवा दुसऱ्या बाळाला वापरण्याची सोय तुमच्याकडे आहे का. सव्वा किलोच्या बाळाला साध्या ॲम्फोटेरिसिनचं रोज सव्वा मिलिग्रॅम लागतं. बाकीचं सगळं टाकून द्यायचं आणि रोज नवी व्हायल बिलात लावायची, हे पटण्यासारखं नाही.

म्युकरचा हिशेब मोठा. वीस किलोच्या मुलाला किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे रोज दोन व्हायल. चार आठवडे चाललं तर ५६ व्हायल, म्हणजे ४ हजारांनी २ लाख २४ हजार. शिवाय सडलेला भाग काढायची शस्त्रक्रिया, कधी दोन-तीनदा, आणि पुढे पोसाकोनॅझोलच्या महागड्या गोळ्या. हा खर्च पगारदार माणसाच्याही खिशाबाहेरचा आहे. सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी जाणं यात शहाणपण आहे.

छापील किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे

२०२१ च्या मे महिन्यात करोनानंतरच्या म्युकरनं महाराष्ट्र होरपळत असताना बाजारात सात हजारांच्या आसपास असलेलं ॲम्फोटेरिसिन वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसनं १,२०० रुपयांत देण्याचं जाहीर केलं. जूनमध्ये जीएसटी परिषदेनं त्यावरचा ५ टक्के कर तात्पुरता शून्य केला. औषधाची छापील किंमत आणि ते बनवून विकण्याची किंमत यांत किती मोकळं मैदान असतं, हे तेव्हा लोकांना दिसलं. त्याआधी २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता.

व्यवहारात याचा उपयोग असा. औषधाचं शास्त्रीय नाव, ताकद आणि रोजच्या व्हायलची संख्या लिहून घ्या. एखाद्या मोठ्या घाऊक मेडिकलमध्ये, शासकीय रुग्णालयाच्या आवारात असलेल्या अमृत दुकानात आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांत दुप्पट-तिप्पट फरक सापडतो. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेतलं पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही. तसा फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ मध्ये रुग्णालयांना दिले आहेत. बाहेरून आणताना दोन पथ्यं : ही इंजेक्शनं बहुतेक २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात, तेव्हा बर्फाच्या डब्यातूनच आणा, आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट इंजेक्शनांच्या हजारो व्हायल पकडल्या होत्या. व्हॉट्सॲपवरच्या ओळखीतून, बिलाविना आलेलं इंजेक्शन मुलाच्या शिरेत जाऊ देऊ नका.

पैसे कुठून

नवजात आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, पण तिथले दर खासगीच्या मानानं नाममात्र असतात. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात बुरशीचं कल्चर किंवा डोळ्यांचे तज्ज्ञ नसतील, तर वरच्या रुग्णालयात लवकर पाठवण्याचा आग्रह धरा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि परळचं वाडिया, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल कॉलेज आणि एम्स हे आपले मोठे आधार. कॅन्सरच्या मुलांसाठी टाटा मेमोरियल आहेच; तिथल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आणि ते कोणत्याही रंगाच्या रेशन कार्डाला. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. १५५३८८ वर फोन करूनही जवळचं रुग्णालय विचारता येतं. योजनेतल्या पॅकेजमध्ये औषधं धरलेली असतात. तरी ‘हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’ असं सांगितलं गेलं, तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर बरीच इंजेक्शनं योजनेत बसू लागतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण देते, आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आहे.

धर्मादाय रुग्णालयांचा हक्क लोक विसरतात. ट्रस्टच्या नावावर चालणारी अनेक चकचकीत रुग्णालयं कायद्यानं धर्मादाय आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. दुर्बल घटकातल्या रुग्णाला बिलात निम्मी सवलत मिळते आणि औषधं छापील नव्हे, रुग्णालयाच्या खरेदी दरानं लावायची असतात. महागड्या इंजेक्शनांच्या बाबतीत हा एकच नियम लाखभर वाचवू शकतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाकडे जा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

विमा असेल तर दोन गोष्टी पाहा. नवजात बाळ पहिल्या दिवसापासून पॉलिसीत आहे की ९० दिवसांनंतर? नोकरीच्या ठिकाणच्या गट विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून असतं, पण बाळाचं नाव ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून विमा कंपनी त्या प्रमाणात बिल कापते तेव्हा औषधं, तपासण्या आणि आयसीयूवर तशी कपात करता येत नाही. डिस्चार्जच्या मंजुरीसाठी कंपनीला तीन तासांची मुदत आहे.

मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करायचा असेल, तर रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं), उत्पन्नाचा दाखला, आधार आणि रेशन कार्ड लागतं. नवजात बाळाचं आधार नसतं, तिथे आईचं चालतं; बाळासोबत आईचा फोटो जोडा. हा अर्ज आणि योजनेची नोंद, दोन्ही मूल दाखल असतानाच करा. बिल भरून घरी गेल्यावर ते पैसे परत मिळवण्याची वाट जवळपास बंद असते.